गप्प झालेला ओढा

दुपार टळत आली तरी ओढा गप्पच होता. चोरोल पात्राकडे बघत होती.

लडाखमधलं मे महिन्याचं ऊन म्हणजे डोक्यावर तवा. अशा उन्हात वरचा बर्फ वितळून दुपारी ओढ्याला जोर चढायचा, माणसाला माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. आज सकाळी तो नीट वाहत होता, आणि जेवणं उरकेपर्यंत पार आटला. पात्रातले ओले दगड तिच्या डोळ्यांदेखत वाळत होते.

यंदा चुरपोनचं काम तिच्या घराकडे होतं. ओढ्याचं पाणी गावाच्या तळ्यात साठवायचं आणि ज्याच्या त्याच्या पाळीप्रमाणे वावरांत सोडायचं, ही चुरपोनची जबाबदारी. जवाचे कोंब वर आले होते, पहिलं पाणी द्यायचं होतं, आणि तळ्यात जेमतेम गुडघाभर पाणी. गावातले बाप्ये फावडी घेऊन ओढ्यावर जमले, त्यांत सर्वांत पुढे तिचा नवरा अंगदुस.

"तुझ्या भावाचीच ही करणी," तो म्हणाला. "वरच्या गावात यंदा गुरमेतच चुरपोन आहे ना? सगळं पाणी तोडून घेतलंय त्याने."

"अरे, सगळा ओढा कसा तोडेल तो? त्यांची वावरं ती केवढी!" चोरोल म्हणाली. "घळीत बर्फ कोसळून आडवा पडलाय. पाणी मागे तुंबतंय. मी पाया पडते, घळीत जाऊ नका."

वरच्या गावाची वाट त्या अरुंद घळीतूनच जायची.

"माहेरचं नाव निघालं की हिला लगेच बर्फ कोसळलेला दिसतो!" म्हातारा मेमे ईशे खिदळला. "चला रे. गुरमेतला त्याच्याच पाटात बुचकळून काढू."

हसत, शिव्या देत सगळे निघाले. चोरोल जागच्या जागी थिजली. ती लहान असताना वरच्या गावात एका दुपारी ओढा असाच गप्प झाला होता. तिची मोठी बहीण कोरड्या पात्रात चमकते दगड वेचायला उतरली, ती पुन्हा कुणाला दिसली नाही. चोरोल काठावर उभी होती. ती शांतता तिच्या कानांत अजून बसलेली होती, आणि आज तीच बाहेरूनही ऐकू येत होती.

अंगदुस घळीच्या तोंडाशी पोचला. आता विनवण्या करून काही होणार नव्हतं. भाऊ चोर, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मग चोर बदलायला हवा.

"गुरमेतने नाही!" ती जीव खाऊन ओरडली. "मी चोरलंय पाणी! जुन्या पाटाने टेकाडावर नेलंय, आपल्या नव्या वावरात!"

सगळे थबकले. त्या गावात पाणी चोरण्याइतकं हलकं काम दुसरं नव्हतं. पाणीचोराच्या घरी कुणी चहासुद्धा पीत नसे.

"काय म्हणालीस?" अंगदुसचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"ये, बघायचं तर ये!" ती टेकाडाकडे पळत सुटली. तिला धरायला अंगदुस धावला, त्याच्यामागे सगळे. चढावर तिची छाती फुटायला आली. मागून शिव्या येत होत्या, आणि जितक्या जवळून येत तितकं तिला बरं वाटत होतं. मेमे ईशेला दोघांनी बखोटीला धरून वर ओढलं. तमाशा चुकवायची त्यालाही इच्छा नव्हती.

टेकाडावर कोरडी माती होती. पाण्याचा थेंब नव्हता.

"कुठाय पाणी?" अंगदुसने तिचा दंड आवळला. "बोल, चोरटे!"

तिने घळीकडे नुसता हात केला.

आधी पायाखालची जमीन थरथरली. मग घळीतून काळंभोर पाणी उभंच्या उभं बाहेर आलं, बर्फाच्या घराएवढ्या शिळा आणि उपटलेली विलोची झाडं घेऊन. मघाशी ते जिथे उभे होते ती जागा गेली. तळ्याचा बांध गेला, खालच्या अंगाची वावरं गेली. मेमे ईशे मटकन खाली बसला आणि मंत्र पुटपुटू लागला.

आवाज ओसरल्यावर अंगदुसच्या लक्षात आलं की तिचा दंड अजून आपल्या मुठीत आहे. त्याने तो सोडला.

"मला वाटलंच होतं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तू खोटं बोलतेयस."

"नव्हतं वाटलं," चोरोल म्हणाली. "वाटलं असतं तर तू घळीत गेला असतास. बर्फाचं सांगितलं ते पटलं नाही तुला. मी चोर आहे म्हटलं, ते मात्र लगेच पटलं. म्हणून जिवंत आहेस."

तिने अंगदुसच्या हातातलं फावडं घेतलं आणि फुटलेल्या तळ्याकडे उतरू लागली.