डावा गाल, उजवा गाल

सासूबाईंच्या गालांची सालं निघत होती आणि त्याचं पाप आपल्याच माथी आहे, असं सुनेला वाटत होतं. ती फेसवॉशच्या कंपनीत केमिस्ट. तिथल्या लोकांना फुकट मिळणाऱ्या ट्यूबा तीच घरी आणायची आणि सासूबाई सकाळ-संध्याकाळ त्या फेसवॉशने भांडी घासावीत तसं तोंड घासायच्या.

"आई, चेहरा किती लाल झालाय बघा. बंद करा आता."

"चरचरतंय म्हणजे काम करतंय," सासूबाई म्हणत. "तुला नाही कळायचं."

ऑफिसात मॅडम असली तरी घरात ती सूनच. तेव्हा सासूबाईंना सुधारण्याचा नाद सोडून तिने फेसवॉशच सुधारायचा चंग बांधला. जहाल साबण कमी केला, वास काढला, फेस निम्म्यावर आणला. ट्यूबमध्येच सौम्य माल आला की घरातला वाद आपोआप मिटणार होता.

घोडं पेंड खाऊ लागलं ते साहेबांपाशी.

"फेस कुठाय, मॅडम? गिऱ्हाइकाला वाटेल, आपण त्याच्या तोंडाला पानं पुसली."

"अर्ध्या चेहऱ्याची चाचणी करू या ना, साहेब. या वेळी तुमच्यावरच."

ही तिथली जुनी रीत होती. डाव्या गालाला जुना माल, उजव्याला नवा. वॉचमनपासून हिशेबनिसापर्यंत सगळ्यांचे गाल साहेबांनी या कामी लावले होते, स्वतःचा मात्र जपून ठेवला होता. पण भर मीटिंगमध्ये नाही कसं म्हणणार? तयार झाले बिचारे.

आठवड्याभरात डावा गाल टोमॅटोसारखा लाल झाला आणि उजवा असा तुकतुकीत, की लोक चोरून बघू लागले. साहेब मीटिंगमध्ये तिरके बसू लागले. शेवटी लॅबमध्ये येऊन म्हणाले, "जिंकलात, मॅडम. उजवा गाल बघून आमची बायकोसुद्धा लाजली. नवी ट्यूब काढतोय. वर ठळक 'सौम्य' आणि माझ्या गालाचा फोटो."

सुनेला आभाळ ठेंगणं झालं. त्या दिवशी तिने घरी सासूबाईंशी वाद घातला नाही.

नव्या ट्यूबांचे खोके दुकानांत आणि ऑफिसात एकदमच आले, तशी तिने एक ट्यूब तळहातावर पिळली, पाणी घातलं. भसाभसा फेस आला. वासही तोच. ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, हा तर जुनाच माल आहे."

"मग? फोटो उजव्या गालाचा आहे ना? खोटं काय आहे त्यात?"

"आणि आत?"

"आत डाव्याचा. तो खपतो." साहेबांनी डाव्या गालावर जपून हात फिरवला. "आणि हो, तुमच्या त्या नमुन्याची मोठी बाटली माझ्या घरी पाठवा. घरात सगळ्यांना लागते."

सुनेच्या अंगाची लाही लाही झाली. साहेबांना चार शब्द सुनावायला हवे होते, पण ती बाटली भरायला लॅबमध्ये गेली आणि याचाच तिला जास्त राग आला.

घरी पोचली तर सासूबाई बेसिनपाशी उभ्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी ट्यूब त्यांनी स्वतःच आणली होती, सुनेचं कौतुक म्हणून. चरचरून डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ऐकलं बाई तुझं. आता सौम्यच वापरणार," त्या ट्यूबवरचा फोटो दाखवत म्हणाल्या. "तुझ्या साहेबांसारखे होतील ना गं माझे गाल?"

"होतील, आई," सून म्हणाली. "दोन्ही डावे."