झाकणाला काचेचं कपाट

मी बाजा बोलतोय. पेटी म्हणा, हार्मोनियम म्हणा, मला काही फरक पडत नाही. पण ऐकायचं असेल तर नीट बसून ऐका. या घरात माझं सोडून सगळ्यांचं ऐकलं गेलंय. गळक्या नळाचंसुद्धा.

मला घडवणारा कारागीर तिरसट होता. पितळेचा एकेक सूर कानाशी धरून घासायचा आणि जमला नाही की माझ्यावरच खेकसायचा. त्याच्याकडून मला एका शाळामास्तराने आपल्या मुलीसाठी नेलं. ती माझी मालकीण. गळा बेताचाच, पण बोटं अशी हलकी की पट्ट्यांना कळायचंही नाही कधी दाबलं ते. लग्न होऊन निघाली तेव्हा कपड्यांच्या ट्रंकेआधी तिने मला गाडीत चढवलं. तेव्हाचा माझा तोरा विचारू नका.

आणि आलो कुठे, तर या माणसाकडे.

तो संगीतकार होता. निदान स्वतःला तसं म्हणवून घ्यायचा. आल्या आल्या माझ्यासमोर उकिडवा बसला, सगळ्या पट्ट्या दाबून बघितल्या आणि बायकोला म्हणाला, "यातून काय निघणार ते आधीच ठाऊक आहे. मजा नाही."

झालं. माझी रवानगी कपाटाच्या डोक्यावर. तो बाहेर गेला की मालकीण मला खाली काढायची. हळूहळू तेही सुटलं.

वरून मला सगळी खोली दिसायची. पातेल्याचं झाकण फरशीवर भिरकावून ते गरगरत थांबेपर्यंत हा त्याच्याशेजारी आवाज टेपवर भरायचं यंत्र घेऊन पालथा पडलेला. फाटकाची बिजागरी कुरकुरते म्हणून मालकिणीने तिला तेल घातलं, तर बरेच दिवस तिच्याशी धड बोलला नाही. त्या बिजागरीची त्याने अख्खी टेप भरली होती. शेजारपाजाऱ्यांना बोलावून एका तालात खोकायला लावलं. चांगलं व्हायोलिन पाण्याच्या बादलीत धरून वाजवलं. मला वाईट वाटलं नाही. त्याला निदान खाली तरी काढलं होतं.

झाकण तर तो मऊ फडक्याने पुसून ठेवायचा. माझ्यावर धुळीचा थर. उंदराने माझ्या भात्याचा कोपरा कुरतडला, त्याचीही कुणाला खबर नाही. जळत होतो मी, लपवत नाही. एवढे सूर पोटात घेऊन बसलोय आणि कौतुक कुणाचं, तर झाकणाचं!

एकदाच त्याने मला खाली काढलं. घरात कुणी नव्हतं. मला समोर घेतलं, यंत्र सुरू केलं. मला वाटलं, आला आपला दिवस. सगळे सूर सरसावून तयार. पण या गृहस्थाने एकाही पट्टीला हात लावला नाही. नुसता भाता हलवत राहिला. सावकाश उघडायचा, सावकाश मिटायचा. कुरतडलेल्या कोपऱ्यातून शेवटी बारीक शिट्टी यायची, ती ऐकून खुशीत हसला. मग टेप डब्यात घातली, डब्यावर अक्षरही लिहिलं नाही आणि मला पुन्हा वर चढवलं. गवयाला बोलावून नुसतं धापा टाकायला लावावं, तशी गत.

पुढे तो गेला. मालकीण थकली. तिचा भाचा म्हणाला, मावशी, आता आमच्याकडे चल. दोन खोल्यांत सामान मावणार नव्हतं, म्हणून आवराआवर निघाली. त्यातच संग्रहालयातल्या एक बाई आल्या. त्या टेपा नेणार होत्या, आणि टेपांवर ज्या ज्या वस्तू वाजल्या त्याही. जपून ठेवायला, लोकांना दाखवायला. उरलेलं सामान भाचा वाटेला लावणार होता.

म्हणजे टेपवर सापडलो तर मान, नाहीतर भंगार. मी कान टवकारून बसलो.

टेपा लागत गेल्या. बाईंना एकेक ऐकून नवल वाटायचं. एकीत मुंग्यांची पावलं ऐकू येतील इतकी शांतता, तर दुसरीत पूर्ण बँड, पण इतका संथ की वाजवणारे दमून बसलेत असं वाटावं. एकीत नुसता जिना, चढणारा आणि उतरणारा. करवतींचा कल्लोळ चाललेला असताना मध्येच मालकिणीचा तरुण आवाज आला, जेवायला चला, गार होतंय. म्हातारी लाजून हसली. भाचा म्हणाला, "काकांनी घर वाजवायचं तेवढं वाजवलं, राहायचं तेवढं राहून गेलं."

नळ निघाला. बिजागरी निघाली. झाकणाला तर बाईंनी दोन्ही हातांनी उचलून कागदात गुंडाळलं. माझा नंबर लागत नव्हता.

मग तो कोरा डबा आला.

टेप सुरू झाली. सावकाश आत, सावकाश बाहेर, शेवटी बारीक शिट्टी. मी वर फुलून आलो. तेवढ्यात मालकिणीचा हात थबकला.

"झोपलेत," ती म्हणाली. "ही त्यांच्या नाकातली शिट्टी. अशीच वाजायची."

बाईंनी हळूच टेप काढून तिच्या हातात दिली. ही तुमच्याकडेच राहू द्या काकू, म्हणाल्या. म्हातारीने ती पदराखाली धरली.

अहो, तो मी होतो! आयुष्यात एकदाच माझा आवाज उमटला, तोही त्याच्या नावावर गेला. पण सांगणार कसा? भाता दुसऱ्याने हलवल्याशिवाय मला कुठली वाचा?

दुसऱ्या दिवशी भाच्याने माझ्याकडे बोट केलं. "मावशी, हा बाजा? टेपवर तर कुठेच नाही."

"नाही ना कुठे," ती चादरीची घडी घालता घालता म्हणाली. "दे कुणाला तरी."

दे कुणाला तरी. ट्रंकेआधी मला गाडीत चढवणारी ती हीच.

भाच्याने मला उचललं. गंजलेली कडी सुटली आणि भाता उघडा पडला. मी श्वास घेतला, लांबलचक, शेवटच्या शिट्टीसकट.

"ठेव खाली."

"जड नाहीये गं मावशी."

"ठेव म्हणते ना."

ती गुडघे धरत खाली बसली. भाता उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मी ऐटीत होतो, आता कळलं म्हटलं. पण तिचा चेहरा पाहिला आणि ऐट उतरली. झोपलेला नवरा परत मिळाला होता, तो मी हिसकावून घेतला होता.

"फसवलं बघ," ती म्हणाली. माझ्याशी नाही, त्याच्याशी. डोळे पुसून हसलीही.

सामान न्यायला आलेल्या संग्रहालयातल्या बाई म्हणाल्या, मग हा तर आमच्याकडेच हवा. मालकीण म्हणाली, "नाही. हा माझ्या वडिलांनी आणलाय."

तर आता मी भाच्याच्या घरी, पलंगाखाली. झाकण काचेच्या कपाटात आहे. त्याच्यावर दिवा सोडलाय आणि खाली नाव लिहिलंय, असं भाचा सांगत होता. दिवा! झाकणाला!

जेवणानंतर घर निजलं की ती मला बाहेर ओढते. ती टेप आता लावत नाही. डोळे मिटून माझा भाता हलवते. शिट्टी वाजली की पुटपुटते, "झोपा." मला कुणी अहोजाहो करत नाही, तेव्हा कुणाला म्हणते ते कळतंच.

बाई गं, मी तो नाही. मला श्वास आहे तो सुरासाठी. एक पट्टी दाब. एकच. कुठली ते तू ठरव.

काल तिचं बोट एका पांढऱ्या पट्टीवर आलं. टेकलं. दाबलं नाही, पण उचललंही नाही लवकर.

मी भाता भरून बसलोय.