मदत कक्षातली एकुलती खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची. हिरवं रेक्झिन, लाकडी हात, आणि सुताराच्या घाईमुळे एक पाय आखूड. आधी मी कॉलेजच्या प्रिन्सिपलसाहेबांकडे होते. त्यांना फिरती खुर्ची मिळाली आणि माझी रवानगी जिन्याखालच्या खोलीत झाली. दारावर पाटी, 'मदत कक्ष'. कुणी छळलं, मारलं, नको तिथे हात लावला, तर इथे येऊन सांगायचं. आत समुपदेशक ताई, त्यांचं स्टूल, मी आणि कॅरमचे तुटके बोर्ड. 'नाही म्हणजे नाही' अशी पत्रकं छापून आली होती, पण ती वाटायची परवानगी काही आली नाही. मग ताईंनी त्यांची घडी करून माझ्या आखूड पायाखाली सारली. त्या पत्रकांचा आधार झाला तो एवढाच.

एक दिवस एक मुलगी आली. मनगटावर निळे वळ. बोलताना नखाने माझं रेक्झिन कुरतडत होती.

"तो विद्यार्थ्यांचा सेक्रेटरी आहे, ताई. सगळे त्याला दादा म्हणतात. माझं कोण खरं मानणार?"

"मी मानते. उद्या अकराला ये, तक्रार लिहून काढू."

"नक्की असाल ना?"

"जाते कुठे? मी आहे, ही खुर्ची आहे."

दुसऱ्या दिवशी दहालाच शिपाईमामा हजर.

"खुर्ची द्या ताई, स्टेजवर एक कमी पडतेय. आणि सूत्रसंचालन तुम्हीच करायचंय."

"अहो मामा, अकराला एक मुलगी यायचीय."

"ते साहेबांना सांगा. कार्यक्रम तुमचाच तर आहे, सुरक्षित कॅम्पस सप्ताह."

ताईंनी दाराला कुलूप लावलं आणि 'हॉलमध्ये आहे' अशी चिठ्ठी चिकटवली. पायाखालची पत्रकं खोलीतच राहिली.

पाहुणे तासभर 'मुलींचं ऐका' यावर बोलले आणि समाधानाने माझ्यावर आदळले. मी कलंडले. पाहुणे पुष्पगुच्छासकट निघालेच होते, तोच सेक्रेटरीने धावत येऊन त्यांना वरच्यावर झेललं. टाळ्यांचा कडकडाट. साहेबांनी माईक घेतला.

"असा दादा असताना आपल्या मुलींना कसली भीती?"

ती तेव्हा हॉलच्या दारात उभी होती. हातात घडी घातलेला कागद. तिने सेक्रेटरीकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारच्या ताईंकडे. ताई उतरायला निघाल्या.

"ताई, आभार राहिले," साहेब म्हणाले.

ताईंनी आभार मानले. सेक्रेटरीचेही. मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं.

ताई होस्टेलवर गेल्या. रूममेट म्हणाली, "ती घरी गेली. आता येणार नाही म्हणाली."

वार्षिक अहवालात छापलंय, 'कक्षाकडे एकही तक्रार नाही. अभिनंदन.' माझा पाय मात्र लगेच दुरुस्त झाला. पाहुणे पडता पडता वाचले होते ना. पत्रकं रद्दीत गेली.

मित्रांनो, मला पॉलिश नको. तिने नखाने पाडलेलं भोकही बुजवू नका. फक्त कुणी माझ्यावर बसून बोलू लागली, तर तिचं संपेपर्यंत मला उचलू नका. आणि तिला 'उद्या ये' म्हणू नका. उद्या मी कुठल्या स्टेजवर असेन, मलाच ठाऊक नसतं.