पहाटेच्या भावाची वाट

आमच्या बिओशिया मुलखात सांजतारा दिसला की नवरी माहेरातून निघते. सासरच्या दारी गाडी पोचली की तिच्या चाकांमधला कणा उपसून तिथंच जाळतात. नवरीनं समजून घ्यावं, माघारी जाणारी गाडी उरली नाही.

निकिप्पीच्या गाडीचा कणा ओला निघाला. जळेना, नुसता धुमसत राहिला. धुरानं तिचे डोळे पाझरले नि बायांना वाटलं, पोर रडतेय. ती रडत नव्हती. तिच्यापाशी वचन होतं.

निघताना आईनं सासूला म्हटलं होतं, "आभाळात दोन तारे आहेत बाई, दोघे भाऊ. सांजेचा हेस्पेरोस लेकी नेतो. पहाटेचा फॉस्फोरोस आपल्या आईपुढं, पहाटेच्या एओसदेवीपुढं, मशाल घेऊन घोड्यावर निघतो. तो दिसेल त्या दिवशी माझी लेक चार दिवस धाडा." सासू, अंद्रोक्लेआ, 'बरं' म्हणाली होती.

तेव्हापासून निकिप्पी अंधारात उठून दगडावर सातू भरडायची आणि पूर्वेकडं बघत गुणगुणायची,

ये रे पहाटेच्या भावा, घोडा दामटीत ये रे
माझ्या आईच्या दारात, मला उतरून दे रे

"वहिनी, भावाचा घोडा लंगडा दिसतोय गं!" नणंद फिलिन्ना खिदळायची.

"दाणे बघ, आभाळ कुठं पळत नाही," सासू आतून ओरडायची.

पूर्व रिकामीच. संध्याकाळी मात्र गोठ्यावर तो दुसरा ठाण मांडून बसलेला, पांढराफेक, न लुकलुकणारा. निकिप्पी त्याच्याकडं पाठ करून शेळ्या बांधायची.

ऑलिव्ह झोडून झाले, जवस फुलला, तिचं पोट वाढलं. मग सांजतारा खाली खाली जात दिसेनासा झाला. आणि एका पहाटे ओकच्या झाडांवर उजेडाचा थेंब लागला.

"आत्याबाई, आला! माझा भाऊ आला!"

अंद्रोक्लेआ पिठाचे हात पुसत बाहेर आली. आधी आभाळ पाहिलं, मग सुनेचं पोट.

"वचन दिलंय, नाही कुठं म्हणते? पण खडकाची वाट, नि तुझे दिवस भरत आलेत. बाळंत हो, मग जा."

"मग?"

"मग अंगावरचं पोर. मग बघू."

निकिप्पी ताऱ्याकडं बघत राहिली. तोच पांढरेपणा. तीच न हलणारी नजर.

"आत्याबाई, हे दोघं नाहीत. हा तोच आहे. मला आणणारा."

सासूनं ताऱ्याकडं पाठ केली. मग हळूच म्हणाली, "मला कळायला तीन लेकरं व्हावी लागली."

फिलिन्नाचं हसू विरलं. तिचं लग्न हिवाळ्यात ठरलं होतं.

"आई, मग माझ्या सासूकडून तू तेच वचन का घेतलंस?"

अंद्रोक्लेआनं खाली बसून सुनेच्या हातातला दगड आपल्याकडं ओढला.

"दुसरं काय मागणार होते गं?" ती म्हणाली, आणि भरडू लागली.