नवशिकीच्या तीन बंदुका

गेल्या हिवाळ्यात माझा नवरा सेल्विन स्वतःच्याच कुरणात वाट चुकला. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं, की डोक्यात विसरभोळेपणा शिरलाय, आता बंदुकीचं लायसन परत करा. घरात लायसनवालं कोणी नसेल तर बंदुका घराबाहेर, असा इकडचा कायदा. आमच्या तुआतापेरे गावात हरणाच्या मांसावाचून फ्रीझर ओकाबोका वाटतो, आणि मुली मेलबर्नला. म्हणून नातवंडं झाल्यावर मी बंदुकीच्या परीक्षेला बसले.

पोलिसांकडून चौकशीला आलेल्या बाईंनी मला बाहेर पाठवून नवऱ्याला विचारलं, "मिसेस कधी मारामारी वगैरे?"

"चहाबरोबरचे स्कोन फेकून मारते," हा म्हणाला. "एकही लागत नाही. म्हणून तर म्हणतो, तिला शिकू द्या."

दाराआडून ऐकून मी कपाळावर हात मारला. पण लायसन मिळालं.

मग सेल्विनने कपाटातल्या सगळ्या बंदुका जेवणाच्या टेबलावर मांडल्या. नऊ होत्या.

"नवशिक्याला तीन पुरतात," तो म्हणाला. "सशाला एक, बदकाला एक, हरणाला एक. बाकी सगळी हौस."

"उभा जन्म मी हेच सांगत आले, तेव्हा प्रत्येक बंदूक अत्यावश्यक होती."

"तेव्हा मी नवशिका नव्हतो."

पहिली त्याने टू-टू काढली, सशाची छोटी रायफल. आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही. "नेम बसेपर्यंत हीच. चुकलीस तर ससा हसेल, एवढंच." बदकांसाठी मी त्याच्या छर्ऱ्यांच्या मोठ्या बंदुकीला, बारा बोअरला, हात घातला, तर त्याने माझा हात बाजूला केला. "तिचा दणका बसला की तू डोळे मिटणार. मिटल्या डोळ्यांनी छर्रे जास्त असून काय चाटायचेत? ही वीस बोअर घे, लहान आहे." बंदुकीचा दस्ता माझ्या कोपराच्या खळग्यात धरून लांबी मापली. शिंप्यासारखा मन लावून काम करत होता. त्या दिवशी त्याला सगळं आठवत होतं, आणि मला वेड्यासारखं वाटलं, की डॉक्टरीणच चुकली असेल.

हरणासाठी त्याने हलकी टू-फोर-थ्री रायफल निवडली. त्याच्या वडिलांची जुनी थ्री-नॉट-थ्री त्याने दाराकडे, विकायच्या बंदुकांच्या ढिगात ठेवली. मी ती उचलून परत आणली.

"ही राहू दे."

"कशाला? जड आहे. खांदा निखळेल तुझा."

"माझ्यासाठी नाही. तुझ्यासाठी एक राहू दे, सेल."

"हा नवशिकीचा संच आहे, नोएलीन," तो म्हणाला. "यात माझं काही नाही."

एवढं बोलून तो चहा टाकायला गेला. मला रडू आलं नाही, राग आला. कुणावर ते कळेना, म्हणून टेबल पुसत बसले. सहा बंदुका इन्व्हरकार्गिल शहरातल्या बंदुकांच्या दुकानदाराने नेल्या.

उरलेल्या तीन कपाटात ठेवून, कुलूप लावून त्याने किल्ली माझ्या हातात दिली. लायसन नसलेल्याला किल्लीची जागा ठाऊक असता कामा नये, हाही कायदाच. "लपव. मी विचारलं तरी सांगायचं नाही. कितीही विचारलं तरी. शपथ घे," तो म्हणाला. मी शपथ घेतली.

त्यानंतर तो माझी परीक्षाच घ्यायचा. टोस्टला लोणी लावता लावता सहज विचारी, "किल्ली कुठे गं?"

"माहीत नाही."

"पास!" म्हणायचा आणि खो-खो हसायचा.

मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी बदकांचा हंगाम उघडला. मी उठून स्वयंपाकघरात आले तर सेल्विन उंच रबरी बूट चढवून, टोपी घालून कपाटासमोर उभा होता.

"किल्ली कुठे?"

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि तो हसायची वाट पाहिली.

तो हसला नाही. स्वतःचे खिसे चाचपू लागला. आधी कोटाचे, मग पँटचे, मग परत कोटाचे. चेहरा कावराबावरा झाला होता.

"माझ्याकडेच असते. मीच हरवली बघ," तो म्हणाला. "माफ कर हं, नोएलीन. तुला उशीर होतोय माझ्यामुळे."

"असू दे," मी म्हणाले. "सापडेल."

तो वाकून टेबलाखाली शोधू लागला, आणि त्याच्याबरोबर खाली बसून मीही किल्ली शोधू लागले.