जॅकवेलचे कलम

गुरुवार, १२ मार्च १९९८, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. बोरतळे नगरपालिकेच्या आवारात हजेरी झाली तेव्हा कर्मचारी भरले त्रेचाळीस. रजेवर कोणी नाही, आजारी कोणी नाही. पाणीपुरवठ्याचे ओव्हरसियर सयाजी यांनी स्वतः दोनदा मोजले आणि हजेरीपत्रक बगलेत मारून ते वरच्या सभागृहात गेले.

कामगार संघटनेशी पालिकेचा करार ठरला होता. आज सभेने त्याला मंजुरी द्यायची होती. बाकीची पंधरा कलमे वाचून झाली, कोणी हूं की चूं केले नाही. गाडी अडली ती सातव्या कलमाशी. नदीकाठच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे पंपाखालच्या खोल विहिरीत, एकट्या माणसाने उतरायचे नाही. वर दुसरा माणूस हवाच, असे ते कलम.

"विहिरीत उतरायचंय का वरातीत जायचंय?" नगरसेवक भगवंत म्हणाले. "करवली कशाला लागतीय सोबत?"

सभा हसली. नगराध्यक्षा वैजयंतीबाईंनी समोरचा कागद चाळला. "ओव्हरसियर, तुमच्या अहवालात तर एक माणूस पुरे, असं लिहिलंय."

"होय, बाई."

अहवाल दोन वर्षांपूर्वीचा होता. आहुपेकडचा कामगार बहिरू जॅकवेलची जाळी साफ करायला उतरला आणि वर आला तो दुसऱ्या दिवशी, चौघांच्या हातांवर. 'आदेशाविना उतरला', असे सयाजींनी लिहिले आणि बहिरूचे मरण बहिरूच्याच माथी गेले. उतर म्हणून सांगितले होते सयाजींनीच, तोंडी. तंत्रनिकेतनातून पदविका घेतल्यापासून तेहतीस वर्षे नोकरी झाली होती, सेवापुस्तिकेवर एक लाल शेरा नव्हता, निवृत्तीला दोन महिने उरले होते. आता तोंड उघडावे तर सारे धुऊन जाणार. मिटून ठेवावे तर सातवे कलम बुडणार.

त्यांनी मिटूनच ठेवले.

तेव्हा मागच्या भिंतीत ठोके पडले. तीन. सावकाश, सारख्या अंतराने.

जॅकवेलमधून निघालेली बिडाची नळवाहिनी त्या भिंतीला लागून टाकीकडे चढत असे. वाहिनीवर पाना आपटून बोलायची पाणीवाल्यांची जुनी रीत होती. खालच्याने तीन ठोके द्यायचे, म्हणजे 'मी खाली आहे, वर कोण?' वरच्याने तीन परत द्यायचे. त्यावर खालून दोन आले, की दोर ओढायचा.

पुन्हा तीन.

खाली आवारातली कुजबुज एकाएकी थांबली. संघटनेचा सुदर्शन खिडकीपाशी उभा होता, त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"कोण ठोकतंय रं ते?" भगवंत खेकसले. "ह्यो संघटनावाल्यांचा खेळ हाय, बाई."

"भाऊ, आमची सगळी माणसं खाली हुबी हायती," सुदर्शन म्हणाला. "मोजा पायजे तर."

सयाजींना मोजायची गरज नव्हती. विहिरीला कुलूप होते आणि किल्ली त्यांच्या खिशात होती.

"मग हवा असंल लाइनीत," भगवंत म्हणाले. "काय ओ, साहेब?"

सगळ्यांच्या माना सयाजींकडे वळल्या. गुरुवार म्हणजे वीज बंद. पंप सकाळी आठपासून थंड. पंप चालू होताना किंवा थांबताना वाहिनी ठोकते, तीन तास निजलेली वाहिनी ठोकत नाही. हे त्यांना शिकवायला कोणी नको होते. तरीही त्यांचे ओठ हलले.

"हवाच..."

"त्या दिशीबी तुमी असंच म्हणला व्हता, साहेब."

दारात चहाची किटली घेऊन कुशाबाई उभी होती. कचेरी झाडणारी, कधी वर मान करून न बोलणारी. "मी सांगाया आले व्हते. म्हणलं, भिताडात कोन तरी ठोकतंय, लई येळ झाला. तुमी म्हणला, हवा हाय, जा."

तीन ठोके. या वेळी जरा क्षीण.

सयाजी उठले. टेबलावरचे पितळी वजन त्यांनी उचलले, मागच्या खिडकीतून हात बाहेर घातला आणि नळावर मोजून तीन ठोके दिले.



खालून दोन आले.

"हवा नाही," सयाजी म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "तेव्हाही नव्हती. बहिरूला मी उतरवलं. त्यानं हाक दिली ती माझ्या कानावर घातली गेली, आणि मी उठलो नाही. वर कोणी असतं, तर माणूस वाचला असता. माझा अहवाल खोटा आहे. इतिवृत्तात तसंच लिहा."

लेखनिकाची लेखणी तेवढी कुरकुरत राहिली. भगवंतांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ओढा की त्याला कुनीतरी," कुशाबाई हळूच म्हणाली.

वैजयंतीबाईंनी पदर सावरला आणि सातवे कलम मताला टाकले. हात वर होत असताना भिंतीकडे पाहायचे धाडस कोणी केले नाही. लेखनिकाने एकदा मोजले, पुन्हा मोजले आणि नोंद केली: उपस्थित सदस्य सतरा, कलमाच्या बाजूने सतरा.