चार उपग्रह एकाच बाजूला

अंतराळाकडे डोळे लावणाऱ्या माणसाच्या मनात द्वेषाला जागा उरत नाही, असं लातूरचे शिवकुमारअप्पा प्रत्येक भाषणात सांगत. नांदेडच्या सुदर्शन सरांचा उल्लेख मात्र ते 'तो माणूस' असाच करत.

दोघंही शिकवणीवाले, अप्पा भौतिकशास्त्राचे, तो माणूस रसायनाचा. नाद एकच. अंधुक उजेडातही ठिपका टिपणारा व्हिडिओ कॅमेरा गच्चीवर लावायचा, दिवेलागणीनंतर डोक्यावरून जाणारा उपग्रह टिपायचा आणि मागच्या ताऱ्यांवरून त्याची जागा संगणकाकडून काढून घ्यायची. बघणारा कुठं उभा आहे, यावर सगळा हिशेब. म्हणून संगणकात एकदा भरलेले निरीक्षकाचे अक्षांश-रेखांश नोंदीच्या डोक्यावर आपोआप छापून येत. ते कुणी वाचत नसे. नोंद मग मराठवाडा उपग्रह मंडळाच्या ग्रुपवर जाई. मंडळाचे अध्यक्ष अप्पा.

दिवाळीनंतर अप्पांनी जाहीर केलं, की एका परदेशी टेहळणी उपग्रहानं कक्षा बदलली आहे. पाठोपाठ आणखी तीन सरकले. चारही एकाच बाजूला. अप्पांना यात परकीय शक्तीचा डाव दिसला आणि गावातल्या पेपराला अप्पा दिसले. फोटो आला. कपाळाला भस्म, हातात कॅमेरा.

त्या माणसानं ग्रुपवर लिहिलं, "नांदेडातून चारही जागच्या जागी दिसतात. अप्पांनी चष्मा तपासावा."

"नांदेडला आयुक्तालय पाहिजे, विमान पाहिजे. आता उपग्रहही म्हणतील तिथं पाहिजेत," अप्पांनी कळवलं.

"लातूरनं पाणी रेल्वेनं आणलं होतं. उपग्रहही ओढून नेले असतील."

शेवटी ठरलं. अप्पांची गच्ची, दोघांचे कॅमेरे. जो खोटा पडेल त्यानं मंडळ सोडायचं. अध्यक्षपद गेलं, तर अप्पांकडं नुसतं भौतिकशास्त्र उरणार होतं.

शनिवारी संध्याकाळी साक्षीला सभासद जमले. अप्पांच्या बायकोनं, मंजुषावहिनींनी, चुरमुऱ्यांचा सुशीला केला.

"वैऱ्याला सुशीला कशाला?" अप्पांच्या आई, उमाबाई, म्हणाल्या.

"उपाशीपोटी हरला तर उद्या तेच कारण सांगंल," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. अप्पांनी तो मुद्दाम स्पीकरवर टाकला.

"अप्पा, तुमच्या दारात उभा हाय. कुलूप दिसून राहिलं."

अप्पांनी खिडकीतून पाहिलं. दारात फक्त कुत्रं होतं.

"सर, तुम्हाला घर घावंना. उपग्रह काय घावणार?"

सभासद पोटभर हसले.

"मॅप तर इथंच आणून सोडतोय."

"पत्ता कुणी दिला?"

"तुम्हीच की. परवाच्या नोंदीवरले अक्षांश-रेखांश टाकले. मार्केट यार्ड. खाली तुरीची पोती, वर कुलूप. तुमच्या वडलांची पाटी हाय बघा, मलप्पा म्हणून."

हसणं थांबलं. सभासदांतल्या एकानं सुशीलाची बशी हळूच खाली ठेवली.

"मग बरोबर हाय की," उमाबाई म्हणाल्या. "पत्ता आडतीच्या गादीचाच ऱ्हायचा. घर कुठंबी न्या. पत्ता हलवला तर बरकत जाती. मीच शिवाला बजावलं होतं, कुठंच बदलायचा न्हाई म्हणून."

शिवानं ऐकलं होतं. आधार, गॅस, मुलीची लग्नपत्रिका, सगळीकडं गादी. संगणकातही गादीच.

"उपग्रहांचं मिटलं, अप्पा," स्पीकरमधून आवाज आला. "आता तुम्ही कुठं सापडता, तेवढं सांगा. सुशीला निवून जाईल."

अप्पांनी फोन कापला, आभाळ भरून आलंय असं ग्रुपवर टाकलं आणि अध्यक्ष या नात्यानं कार्यक्रम रद्द केला. सभासद गच्चीवरून निरभ्र आभाळ बघत राहिले.

चारही उपग्रह जागच्या जागी होते. अप्पांचं बिऱ्हाड दिवाळीत मार्केट यार्डातून औसा रोडला गेलं होतं.